ठिपकी दोरावर चालली त्याची गोष्ट

चंपाषष्ठी झाल्यानंतरचा पहिला शुक्रवार, सकाळी सहा. हजर: सोनाआत्या, शबाना, मी. कुत्री दोन: ठिपकी आणि भुऱ्या. सामान: ताडपत्री एक, वाकळा तीन, पाण्याचे कॅन दोन, तवा, परात, ज्वारीचं पीठ, वांगी, धपाटी बावीस, शेंगाचटणी, मीठ, काडेपेट्या दोन, साबण दोन (शबानाचा वेगळा), दोर दोन. गैरहजर: अण्णा. ते दारातच उभे होते, पण बरोबर येणार नव्हते, म्हणून वहीत गैरहजर.

ही नोंद माझ्या नववीच्या वहीतली आहे, जशी आहे तशी उतरवून घेतली. साल लिहिलेलं नाही. याद्या करायची सवय मला तेव्हापासूनची, आणि तेव्हापासूनच घरात तिची थट्टा होते. पण पन्नाशी उलटल्यावर आठवणी एकमेकींत मिसळायला लागतात, तेव्हा कोण हजर होतं आणि धपाटी किती होती हे लिहिलेलं असलं की बाकीचं आपोआप आठवतं.

आमचं घर अणदूरचं, शेतकऱ्याचं, आणि खंडोबाचं. घरात माणसं अकरा आणि कुत्री कायम दोन. त्यांच्याबद्दलचे नियम माणसांच्या नियमांपेक्षा कडक होते. एक म्हणजे कुत्र्याच्या गळ्यात दावं घालायचं नाही. ते देवाचं, त्याला खुंटा नाही. दुसरं म्हणजे रविवारी पहिला घास कुत्र्याचा. चुलीवरची पहिली भाकरी उतरली की माय ती कुस्करायची, तिच्यात दूध किंवा भरीत कालवायची आणि दारात ठेवायची. कुत्रं खाऊन बाजूला होईपर्यंत कुणी ताटावर बसायचं नाही, आणि ते खात असताना त्याला हात लावायचा नाही, हटकायचं नाही. पाहुणे आले तरी हाच कायदा. एकदा उमरग्याचे मामा भुकेने कासावीस होऊन म्हणाले, ‘‘दाजी, तुमच्यात जावयापरीस कुत्र्याला मान जास्त दिसतोय.’’ अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘जावई राखण करत न्हाय.’’

त्या दोघांतला भुऱ्या म्हातारा, जाडा आणि समंजस. आत्या उठली की उठायचा, आत्या बसली की बसायचा. ठिपकी त्याच्या उलट. कारवानी जातीची, पोट आत गेलेलं, पाय लांब, छातीवर पांढरा ठिपका. ससा दिसला की ती दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी जीभ बाहेर काढून, अंगभर कुसळं घेऊन परत यायची आणि माझ्या पायाशी पडायची. मी तिची कुसळं काढत बसायचे. शेंगांचा वास, गोठ्यातल्या घंट्या, मायच्या भाकरी थापण्याचा एका तालातला आवाज आणि मांडीवर ठिपकीचं गरम डोकं, अशी त्या ओसरीची संध्याकाळ असायची.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात शाळेत एक कागद आला. दिवसाच्या वाटेवर बालाघाटच्या डोंगरात वनखात्याचं राखीव रान आहे. तिथं दोन रात्री राहायचं, पाणवठ्यावर सकाळ-संध्याकाळ लांबून बसायचं आणि कोणतं जनावर पाण्यावर येतं ते लिहायचं. मुलांच्या तीन तुकड्या जाऊन आल्या होत्या. मुलींनी जायचं तर घरची एक बाई बरोबर हवी, असं कागदावर खाली लिहिलं होतं. वर्गात बावीसजणी होतो. हात दोघींचेच वर गेले, माझा आणि शबानाचा. बाई म्हणाल्या, ‘‘दोघी गेलात तर पुढच्या वर्षी आणखी जातील. नाही गेलात तर हा कागद मुलींसाठी परत यायचा नाही.’’ हे वाक्य मी त्याच तासाला वहीत लिहून ठेवलं.

घरी अण्णांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, ‘‘रानात पोरी? दोन रात्री?’’ माय काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की आत्या बोलायची. सोनाआत्या अण्णांची थोरली बहीण, तरुणपणीच माहेरी परत आलेली, शेत एकटीनं बघणारी. ती सुपातली तूर पाखडता पाखडता म्हणाली, ‘‘दिगू, आपला देव दोन महिनं नळदुर्गाला ऱ्हायला जातो. त्याला कुणी इचारलं का, कशाला चाललास म्हनून? अन् पोरीला दोन राती न्हाय व्हय? मी जाते संगं.’’

अण्णा म्हणाले, ‘‘अक्का, तुमी म्हनता तर जाऊ द्या. पर कुत्री संगं पायजेत. दोन्ही. कुत्र्याबिगर न्हाय.’’

मी उड्या मारत शाळेत गेले आणि दोन दिवसांत रानाच्या फाटकावरून उत्तर आलं. तिथले गार्ड माणिकराव यांनी मुख्याध्यापकांच्या हाती निरोप दिला होता: कुत्री आणायची तर दोरावर. चोवीस तास. दोर सुटला की तुकडी त्याच पावली परत, आणि पुन्हा कुणाला परवानगी नाही.

अण्णांची अट कुत्र्याबिगर जायचं नाही. माणिकरावांची अट दोराबिगर यायचं नाही. आणि आमच्या घरी कुत्र्याच्या गळ्यात दावं घालत नव्हते. तिन्ही गोष्टी मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. चंपाषष्ठी झाली की निघायचं होतं, आणि तिला पाच आठवडे होते.

पहिली अडचण शबानाच्या वडिलांनी सोडवली. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मशिदीच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं, बैलांच्या झुली आणि चामडी पट्टे शिवायचे. मी ठिपकीला घेऊन गेले. त्यांनी तिच्या गळ्याभोवती आणि डोक्याभोवती सुतळी फिरवली आणि हसले. ‘‘बेटा, इसकी मुंडी गर्दनसे बारीक हाय. गळ्यात काय बी घाल, मागं सरकली की निकल गयी. छातीवरून पट्टा पायजे, बैलाच्या जोतावानी.’’ जुन्या ताडपत्रीचे दोन पट्टे, आतून झुलीचं मऊ कापड, पाठीवर एक कडी. मी तो घरी आणून आत्यापुढे ठेवला. ती उलटसुलट करून म्हणाली, ‘‘गळ्यात न्हाय ना? मग काय हरकत न्हाय. बैलाला जू असतंय, तसं कुत्रीला.’’ भुऱ्यासाठीही एक शिवून घेतला. तो त्याला घालताच भुऱ्यानं पाहिलं, उसासा टाकला आणि आत्याच्या मागोमाग निघाला. त्याचं शिक्षण तिथंच पूर्ण झालं.

ठिपकीचं मात्र सुरूही झालं नव्हतं. पट्टा चढवला की ती दगड व्हायची. ओढलं की झोपायची. सैल सोडलं की तीरासारखी सुटायची आणि मी मागं फरफटत जायचे. देवळाच्या वाटेवर पारावर बसणारे म्हातारे रोज विचारायचे, ‘‘सुलू, आज कोन कुनाला फिरवायलंय?’’ एकदा मी शेणात पडले, तर तिथूनच कुणीतरी ओरडलं, ‘‘कुत्रीला लागलं न्हाय ना?’’

मी ऐकलं होतं की सर्कशीतली जनावरं खाण्याच्या लोभानं शिकतात. म्हणून मी परकराच्या ओच्यात भाकरीचे तुकडे भरून घेतले. नीट चालली की एक तुकडा. दोन आठवडे गेले. ठिपकी तुकड्याला नाक लावायची आणि मान फिरवायची. मग एके रविवारी, तिचा पहिला घास खाऊन झाल्यावर मी ओच्यातले तुकडे घेऊन उठले, तेव्हा शबाना ओसरीच्या पायरीवरून हसायला लागली. ‘‘अगं येडे, जिला सगळ्यांच्या आधी पोटभर मिळतंय, ती तुझ्या एका तुकड्यासाठी कशाला राबंल? माझा भाऊ बघ. अम्मी आधी जेवायला घालते, मग म्हनते झाडू मार. मारतो का?’’

हा आमच्या घराचा दोष होता आणि तो आमच्या घरातल्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. आज घरोघरी लोक कुत्री शिकवतात, मोबाईलवर त्याचे धडे मिळतात, सगळे खाऊची पुडी खिशात ठेवायला सांगतात. ते बरोबरच असेल. पण देवाच्या घरच्या कुत्रीला खाऊची किंमत नव्हती, आणि तिला कशाची किंमत आहे हे मला शोधायचं होतं.

उत्तर ठिपकीनंच दिलं. तिला पुढं जायचं असायचं. एवढंच. मग मी तेच तिचं बक्षीस केलं. दोर ताणला की मी उभी. काही बोलायचं नाही, ओढायचं नाही, खांबासारखं उभं राहायचं. दोर सैल झाला की चालायचं. पहिल्या दिवशी घरापासून पारापर्यंत जायला पाऊण तास लागला. म्हातारे दमून गप्प झाले. कधी ती फारच ताणायची तेव्हा मी वळून उलट्या दिशेनं चालू लागायचे. तिला मागं यावंच लागायचं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी चालत होते आणि दोर माझ्या आणि तिच्यामध्ये झोळीसारखा लोंबत होता. माझं लक्षच नव्हतं. पारावरून कुणी काही बोललं नाही म्हणून मी वर पाहिलं. सगळ्यात म्हातारे आजोबा नुसते म्हणाले, ‘‘जा आता.’’

तर त्या शुक्रवारी निघालो. पुढं आत्या, काष्टा घातलेली, डोक्यावर वाकळांचं गाठोडं; तिच्यामागं भुऱ्या; मग शबाना आणि शेवटी ठिपकीचा दोर कमरेला बांधून मी. रानात तुरी हिरव्यागार शेंगांनी वाकल्या होत्या, करडईला काटे धरायला लागले होते. ओळखीच्या शेतातून आत्या हक्कानं तुरीच्या शेंगा तोडायची आणि आम्ही चालता चालता सोलून खायचो. वाटेत भेटणारा प्रत्येकजण विचारायचा, कुठं? आत्या म्हणायची, ‘‘जनावरं मोजायला.’’ कुणी विचारायचं, कुणाची? ती म्हणायची, ‘‘देवाची.’’ शबानाला कुत्र्याच्या लाळेचं जपावं लागायचं; तिच्या अम्मीनं बजावून सांगितलं होतं. म्हणून तिनं करार केला होता: ‘‘दोर धरायची वेळ आली तर मी धरीन. चाटायची बाजू तुझी.’’ तरी दुपारच्या विसाव्यात भुऱ्यानं जाऊन तिच्या पाठीला पाठ लावली आणि घोरायला लागला. ती हलली नाही. ‘‘पाठीला काय लाळ नसते,’’ म्हणाली.

उन्हं कलताना फाटक आलं. माणिकराव उंच, वाळलेले, खाकी कपड्यातले, मिशा पिकलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहण्याआधी दोराकडे पाहिलं. पट्ट्याची कडी ओढून बघितली, गाठ बघितली. ‘‘ही कारवानी?’’ ‘‘व्हय.’’ ‘‘ही न्हाय टिकायची. हरीण बघितलं की ही जात कुनाचीच न्हाय.’’ आत्या म्हणाली, ‘‘बघा तर. दोन दिवस हायत.’’ ते म्हणाले, ‘‘मी बघनारच हाय, अक्का. माझं कामच बघायचं हाय.’’

आणि ते बघत राहिले. पाणवठा लांबून दिसेल अशा चढावर आम्ही ताडपत्री बांधली, तीन दगडांची चूल मांडली, भाकरी थापल्या. ते लांब दगडावर बसून. शनिवारी पहाटे आणि संध्याकाळी आम्ही पाणवठ्याच्या वरच्या उतारावर झुडपाआड बसलो. ते आमच्या मागं. ठिपकी माझ्या मांडीला टेकून, कान ताठ, अंगभर बारीक थरथर, पण दोर सैल. मोर आले, रानडुकरं आली, एक मुंगूस आलं. शबानाचे डोळे माझ्यापेक्षा तीक्ष्ण; ती कानात सांगायची, मी लिहायचे. शनिवारच्या पानावर अठरा नोंदी आहेत. माणिकरावांनी पान बघितलं आणि म्हणाले, ‘‘पोरांच्या तुकडीनं तीन दिवसांत चौदा लिवल्या व्हत्या.’’ मग लगेच, जास्त बोललो असं वाटून, ‘‘दोर सांभाळा,’’ म्हणाले.

रविवार उजाडला. पहाटेची नोंद झाली होती, हरणं मात्र आली नव्हती. आवरायचं आणि निघायचं एवढंच बाकी. आत्यानं वांगी भाजली, पहिली भाकरी उतरली, भरीत कालवलं आणि पानावर ठेवलं. रविवार होता. घर असो की रान, पहिला घास कुत्र्याचा. मी ठिपकीला पानापाशी आणलं, तशी आत्या म्हणाली, ‘‘सुलू, दोर सोड कमरंचा.’’

‘‘आत्या, चोवीस तास...’’

‘‘देवाचं जेवतंय ते. जेवताना कुनी धरत असतंय का? खाईपर्यंत खाली ठेव. कुठं जातीय?’’

मी पंधरा वर्षांत तो नियम कधी मोडला नव्हता, आत्याचा शब्दही मोडला नव्हता. कमरेची गाठ सोडली आणि दोराचं टोक जमिनीवर ठेवलं. दुसरं कुठलंही घर असतं तर हे घडलं नसतं. भुऱ्या एका कडेनं खात होता, ठिपकी दुसऱ्या. तिनं दोन घास खाल्ले आणि डोकं वर केलं.

खाली पाणवठ्यावर पाच हरणं उभी होती. एक नर, तीन माद्या, एक पाडस. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, त्यांना काही कळलेलं नव्हतं. ठिपकी उतारावरून दहा पावलं पुढं गेली तेव्हा तिच्या मागं दोर मातीवरून सरपटत गेला, त्याचा सरसर आवाज मला अजून ऐकू येतो. ती थांबली, एक पाय वर, शेपूट सरळ. माझ्या डाव्या हाताला माणिकराव उभे राहिले. शबानानं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत मला माझंच दिसत होतं: वर्गातल्या बाकीच्या वीसजणी, बाईंचं वाक्य, परत कधीच न येणारा कागद.

दोर पकडायला धावले असते तर ती सुटली असती. हाक मारली असती तर हरणं उधळली असती, आणि मग देवानं थांबवलं असतं तरी ती थांबली नसती. एवढा विचार मी केला होता असं सांगायला आवडेल, पण खरं तसं नाही. मी फक्त वळले. पाणवठ्याकडे, ठिपकीकडे, माणिकरावांकडे, सगळ्यांकडे पाठ केली आणि चढावर चालू लागले. चाल तीच, देवळाच्या वाटेवरची. मागं बघितलं नाही. एक, दोन, तीन अशी पावलं मोजली. अकराव्या पावलाला मागून सरसर ऐकू आली. चौदाव्याला माझ्या पोटरीला ओलं नाक लागलं.

मी खाली बसले आणि दोर उचलला. गाठ मला जमेना, ती शबानानं बांधली. ठिपकी तिच्या हाताला मनगटापर्यंत चाटत होती आणि शबाना गाठ बांधता बांधता रडत, हसत म्हणत होती, ‘‘चाट, चाट, साबण हाय माझ्याकडं.’’ खाली हरणं पाणी पीत होती. पाडस दोनदा प्यायलं. मग नरानं मान उचलली आणि पाचही जण सावकाश, चालत, झाडीत गेले.

माणिकराव आमच्याकडे आले. चेहऱ्यावर काही दिसेना. त्यांनी खिशातली वही काढली.

‘‘दोर सुटला व्हता.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले.

आत्या पुढं झाली. ‘‘म्या सोडायला लावला. पोरीची चूक न्हाय. माझं नाव लिवा.’’

‘‘अक्का, मला लिहावं लागंल.’’

‘‘लिहा,’’ मी म्हणाले. ‘‘पण सगळं लिहा. दोर सुटल्यावर काय झालं तेही लिहा.’’ आवाज माझाच होता, पण तो मला नवीन होता. आत्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वही माझ्यापुढं धरली. ‘दोर सुटला. समोर पाच हरणं. कुत्री स्वतः परत आली. हरणं पाणी पिऊन गेली.’ आणि खाली: ‘मुलींना परवानगी द्यावी. कुत्र्यांसह.’

आत्यानं त्यांना भाकरी आणि भरीत वाढलं. त्यांनी आधी ठिपकीच्या पानाकडे बोट केलं. ‘‘तिचं व्हऊ द्या की आधी.’’ मग ठिपकी आणि भुऱ्या पुन्हा जेवायला बसले, या वेळी दोर माझ्या कमरेला होता, आणि आत्या त्यावर काही बोलली नाही. बाकी आम्ही चौघं हात धुऊन वाट बघत उभे.

परतीच्या वाटेवर आम्ही तिघी गात आलो. आत्याला गाता येत नाही हे त्या दिवशी कळलं. अण्णा गावाच्या वेशीपर्यंत सामोरे आले होते. आत्यानं सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट. त्यांनी ठिपकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. म्हणाले, ‘‘पुढच्या साली कोन कोन जानार?’’ पुढच्या वर्षी नऊजणी गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी दोन तुकड्या. मी आणि शबाना दोन्ही वेळा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो, आणि दोन्ही वेळा आपण केवढ्या मोठ्या आहोत अशा थाटात परत आलो. शबाना आता जळकोटला शिक्षिका आहे. तिच्या दारात एक पिवळं कुत्रं असतं. ‘‘ते माझं नाही,’’ असं ती सगळ्यांना सांगते.

निघताना माणिकरावांनी मला एक काम सांगितलं होतं. ‘‘पोरी, कुत्रीला कसं शिकवलंस ते कागदावर लिहून दे. फाटकावर लावतो. पुढच्यांना उपयोग व्हईल.’’ मी हो म्हणाले. त्याच आठवड्यात लिहायला घेतलं. पट्टा कसा शिवायचा, गळ्यात का नको, खाऊनं का जमलं नाही, दोर ताणला की उभं कसं राहायचं, उलटं कधी वळायचं, असे पाच मुद्दे झाले. सहावा होता: दोर सुटला तर. तो आकडा घातला आणि पुढं लिहिता आलं नाही. पाठ करून चालू लागा, असं लिहायला हात होईना. ठिपकी परत आली. दुसऱ्या कुणाची येईलच असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माणिकराव निवृत्त झाले, मग गेले. कागद द्यायचा राहिला.

गेल्या महिन्यात त्या फाटकावरच्या आताच्या वनरक्षक मुलीचा फोन आला. माणिकरावांच्या जुन्या वहीत तिनं त्या रविवारची नोंद वाचली होती; कुत्रीला शिकवल्याचा कागद मुलीकडून यायचा आहे, असंही तिच्याखाली लिहिलेलं होतं. ‘‘ताई, मुली विचारतात. तुमच्याकडं तो कागद आहे का?’’ आहे, म्हणाले. सोमवारी पाठवते, म्हणाले. त्यानंतर चार सोमवार झाले. पाच मुद्दे स्वच्छ अक्षरात उतरवून टेबलावर ठेवले आहेत. सहाव्याचा आकडा घातला आहे, पुढं कोरं आहे.